बस्त्याव टेलर आणि सगळ्यांच्या पणज्या

बस्त्याव टेलरकडं ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणजे आधी पणजीचं नाव पाठ करून जावं लागे.

चेष्टा नाही करत. दुसऱ्या गावांतले शिंपी छाती विचारतात, कंबर विचारतात, बाही किती ते विचारतात. हा गळ्यात टेप टाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून पहिला प्रश्न करी, "तुझ्या आईची आई कोणाची?" ती सांगितली की, "आणि तिची आई?" इथपर्यंत बहुतेक बाया तरून जात. त्याच्या पुढं गाडी अडे. मग तो टेप काढून, गुंडाळून, मशीनवर ठेवून देई. "घरी विचारून ये. कापडाला घाई नाही."

कापडाला नसेल रे बाबा, मला आहे! पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण तोंडावर आलेला, घरात पाहुणे येणार, आणि मी उघड्या उन्हात माहेरच्या आळीत जाऊन म्हाताऱ्यांना विचारत फिरतेय, माझ्या पणजीचं नाव काय होतं म्हणून. का? तर ब्लाउजला बाह्या लागाव्यात म्हणून.

बरं, नाव नेलं तरी सुटका नाही. माप घेताना पुन्हा चालू. "खांदा साडेचौदा. मोनिकाबाय, हा खांदा तुमच्या घराण्यातला नाही. हा बोळींजहून आलाय." मला वाटायचं, खांदा काय एस.टी.नं आला काय? पाठीवर टेप लावून एकदा म्हणाला, "हा बाक तुझ्या बाबांच्या आईचा." मी म्हटलं, "हा बाक रहाटावरच्या पाण्याच्या हंड्यांचा आहे. तू नीट शीव."

गोष्ट सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची, आमच्या वसईकडची. वटारकडून येणारा रस्ता आमच्या देवळाकडं वळतो तिथं चिंचेखाली त्याचं दुकान. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, तेव्हा गैरसमज नको. दुकानात एक मशीन, एक बाक, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागद. त्यातले अर्धे कागद कोटांच्या मापाचे आणि अर्धे लोकांच्या घराण्यांचे. कागद तो वाया घालवत नसे. एका बाजूला कोणाची कॉलर, तर मागच्या बाजूला कोणाचा खापरपणजोबा. आमच्या ह्यांच्या पँटी अशाच कुठल्यातरी घराण्यावरून कापलेल्या असत, आणि मला तर वाटे, म्हणूनच त्या ह्यांना कधी नीट बसल्या नाहीत.

कागद हाताशी नसला की तो खडूनं कापडावर लिही. शिंप्याचा तो चपटा खडू असतो ना, त्यानं. बेलबॉटमचा जमाना होता. एका पायात अख्खं खानदान मावेल एवढं कापड. शिवून झालं की झटकून टाकी, पण कधी विसरे. आमच्या आळीतल्या दुमिंगचं लग्न होतं. काळा सूट, आत अस्तर नाही कारण अस्तराला पैसे नव्हते. जेवणाच्या वेळी उकाडा झाला म्हणून नवऱ्यानं कोट काढून खुर्चीवर उलटा टाकला. पाठीवर आतून पांढऱ्या खडूनं ठळक अक्षरांत लिहिलेलं, "निपुत्रिक."

ते त्याच्या कुठल्यातरी चुलतआजोबांबद्दल होतं. पण नवरीच्या आईनं वाचलं, आणि ती बाई हातातल्या बशीसकट मटकन खाली बसली. तिला कांदा हुंगवायला लागला. बस्त्याव धावत आला आणि समजूत काढायला म्हणाला, "घाबरू नका बाय, ह्याचं अजून काही लिहिलेलं नाही."

देवळातल्या जुन्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या वह्या बघायची त्याला फादरांची परवानगी होती. त्याच्या बदल्यात तो फादरांचे झगे फुकट शिवी. त्या वह्या लिहिलेल्या लॅटिनमध्ये नाहीतर पोर्तुगीजमध्ये. ह्याला दोन्हीतलं ओ की ठो कळत नसे. नावं तेवढी वाचता येत, बाकी सगळा अंदाज. चष्म्याला भिंग लावून बसायचा आणि दोन नावं जुळली की ओरडायचा, "धागा लागला!" झगडा चाललाय की काय म्हणून कपेलकडच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराकडच्या, बाया डोकावून जायच्या.

आता आमच्याकडच्या नावांची तऱ्हा सांगते, म्हणजे ह्या उद्योगात काय खड्डे आहेत ते कळेल. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. त्यामुळं नावं दहा-बारा आणि माणसं हजार. हाक मारली "इनास" म्हणून की पाच दारांतून पाच जण ओ देणार. म्हणून आम्ही घराण्यांना नावं ठेवली, कोणी रहाटवाले, कोणी चिंचेखालचे, कोणी घंटीवाले. वहीत ही नावं नसतात. तिथं सगळे नुसते इनास. आणखी एक. घरात पोर गेलं तर पुढच्या पोराला तेच नाव ठेवायचं. नाव रिकामं ठेवू नये म्हणतात. वहीत बघणाऱ्याला वाटणार, बापाला काय दुसरं नाव सुचलं नाही?

बस्त्याव मात्र कोणालाच सोडत नसे. अर्नाळ्याची कोळीण मासळी घेऊन यायची, तिलाही एकदा अडवून विचारलं, "तुझी पणजी कुठली?" ती म्हणाली, "पनजीचा काय करतं रं तू? मावरं घेतं तं घे, नायतर वाट सोड. बर्फाचा पानी होतंय टोपलीत." त्यानं बोंबील घेतले आणि पुन्हा विचारलं. तिनं आणखी दोन शिव्या दिल्या आणि मग, काय सांगू, पायरीवर बसून पणजीचं नाव सांगितलं. त्याच्यापुढं सगळे शेवटी सांगतच. एवढं कोण कोणाचं ऐकून घेतो?

आणि सगळं लिहून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला. चष्मा काढून, पुसत पुसत, दुसरीकडं बघत विचारी, "तुमच्यात कोणी कतरीन होती काय? जिची मुलगी मुंबईला गेली असेल?"

आमच्या गावात कतरीन! झाडावरची पानं मोजावीत नाहीतर कतरिनी मोजाव्यात. कोणी म्हणे, "आमच्यात तीन होत्या, कुठली देऊ?" कोणी म्हणे, "एक अजून चुलीपुढं बसलीय, घेऊन जा." पोरं त्याला मागून "कतरीन टेलर" म्हणत. तो हसायचा. मला त्या प्रश्नाचा वैताग यायचा, कारण मला तो प्रत्येक सणाला नव्यानं विचारायचा, जणू गेल्या नाताळापासून आमच्या घरात एखादी नवीन कतरीन सापडली असेल.

बस्त्याव आमच्या गावचा होता आणि नव्हता. रॉक टेलरला मूल नव्हतं. त्यानं आणि त्याच्या बायकोनं मुंबईतल्या एका अनाथाश्रमातून हा पाच-सहा वर्षांचा असताना आणला. पोटच्या पोरासारखा वाढवला, मशीनवर बसवला. दोघं गेली तेव्हा दुकान ह्याच्या नावावर करून गेली. लग्न काही झालं नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली होती म्हणे. पण मुलीचा बाप पहिलं काय विचारतो? "मुलगा कोणाचा?" रॉक टेलर म्हणे, "माझा." तेवढ्यावर लोकांचं भागत नसे.

हे सगळं मला माहीत होतं हो. पण माहीत असलेल्या गोष्टींचा आपण विचार थोडाच करतो? मला एवढंच दिसे, की माझा ब्लाउज अजून झालेला नाही.

मग आमच्या लेकीचं, रेजीनचं, लग्न ठरलं. मुलगा बोळींजचा, विन्सेंट. चांगला शिकलेला, रेल्वेत लागलेला, आणि सूट शिवायला, कोणाकडं जाणार? बस्त्याव टेलरकडं. मी म्हटलं होतं, मुंबईत शिवा. पण जावई म्हणाला, "नको आई, गावातलाच बरा."

आमच्याकडं लग्न ठरलं की तीन रविवार मिस्सात, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेत, फादर नवरा-नवरीची नावं पुकारतात. ह्या लग्नात कोणाला काही अडचण माहीत असेल, म्हणजे नातं जवळचं आहे वगैरे, तर त्यानं येऊन कळवावं. माझ्या उभ्या जन्मात कोणी कळवल्याचं मी ऐकलं नव्हतं. पहिला पुकारा झाला आणि सोमवारी सकाळी बस्त्याव टेलर खाकी कागदाची सुरळी घेऊन फादरांकडं हजर. "फादर, सोयरीक रक्तातली आहे. थांबवा."

फादरांनी आम्हाला बोलावणं पाठवलं. घरात केळीचे घड पिकत घातलेले, बँडवाल्याला विसार दिलेला, रेजीन कोपऱ्यात बसून हुंदके देतेय. आमचे हे, ज्यांना जगात कशाचीच घाई नाही, ते म्हणाले, "बघू, रविवारी बोलू." मी रविवारपर्यंत जेवले नाही म्हटलं तरी चालेल. बोळींजहून विन्सेंटची आई तरातरा आली. "आमच्यात असलं काही नाही," म्हणे, "तुमच्यात काय असेल ते तुम्ही बघा." म्हणजे बघा, लग्नाआधीच विहीणबाईंशी वाजलं. सगळं कोणामुळं?

रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या अंगणात सगळं गाव थांबलं. एरवी मिस्सा सुटली की लोक मासळी संपेल म्हणून पळतात. बस्त्यावनं क्रुसाच्या चौथऱ्यावर कागद पसरला आणि बोट ठेवलं. "हा इनास. पास्कूचा पणजोबा." पास्कू म्हणजे आमचे हे. "ह्या इनासला मुलगी आंजेलीन. ती दिली बोळींजला. तीच विन्सेंटची पणजी. धागा लागला!"

मी कागदाकडं बघितलं. एका आंजेलीनपुढं दुसरी आंजेलीन लिहिलेली, आणि मध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर. आणि माझं डोकं लख्ख झालं. माझ्या सासूबाई, देव त्यांना शांती देवो, रोज संध्याकाळी मला घराण्याच्या गोष्टी सांगायच्या. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. त्या दिवशी मी मनात त्यांच्या पाया पडले.

"बस्त्याव," मी म्हटलं, "आमच्या रहाटवाल्या इनासला दोन आंजेलिनी झाल्या. पहिली पाळण्यात गेली. दुसरीला तिचं नाव ठेवलं, ती सिस्टर झाली आणि कॉन्व्हेंटातच वारली. आता सांग, ह्यातल्या कोणाला तू बोळींजला नांदायला पाठवलीस? मेलेल्या पोरीला, की सिस्टरला?"

अंगणात जो हशा उठला तो वटारला ऐकू गेला असेल. फादरसुद्धा तोंडावर रुमाल धरून उभे. विन्सेंटच्या आईला मग कंठ फुटला, "आमची आंजेलीन चिंचेखालच्या इनासची! तेच मी सांगत होते!" सांगत काही नव्हती, पण असू दे. फादर म्हणाले, "टेलर, तुला वह्या बघायला दिल्या त्या लग्नं मोडायला नाही दिल्या."

बस्त्यावनं सावकाश सुरळी केली. "चुकलो बाय," म्हणाला. "पाळण्यातल्या पोरीला विसरून चालत नाही. हे ध्यानात ठेवायला पाहिजे." आणि लोक अजून हसत होते त्यातून वाट काढून दुकानाकडं गेला. मला काही वाईट वाटलं नाही, खरं सांगते. उलट घरी येऊन मी पोटभर जेवले.

दुसरा पुकारा झाला, तिसरा झाला. एक काळजी गेली तर दुसरी डोकं वर काढून बसलेली. मला भाऊ नाही. आमच्या आळीत नवरी लग्नाला निघताना मामानं तिच्या डोक्यावर छत्री धरून तिला देवळापर्यंत न्यायची असते. मामा नसला तर आईच्या नात्यातला कोणी भाऊ. माझा एक चुलतभाऊ होता, पण वाडीच्या बांधावरून आमचं बोलणं बंद होतं आणि तो येणार नव्हता. रेजीन म्हणे, "राहू दे आई, छत्रीशिवाय काय लग्न होत नाही?" होतं. पण बाया बघतात ना! नवरी आली, बँड आला, आणि डोक्यावर नुसतं ऊन.

बस्त्यावला हे कसं कळलं मी विचारणार नाही, कारण गावात सगळ्यांनाच सगळं कळतं. रेजीनच्या झग्याचं माप घेताना त्यानं हळूच विचारलं, "मामा कोण उभा राहणार?" मी अजून धुसफुसत होते. म्हटलं, "तू हुक लाव. मामाचं आम्ही बघू."

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, ऐन दुपारी, मी ओट्यावर मसाल्याच्या मिरच्या वाळत घालत होते. मे महिना. आकाशात ढगाचा ठिपका नाही. बघते तर वाडीतून बस्त्याव येतोय, एका हातात कागदाची सुरळी आणि दुसऱ्या हातात छत्री. नवी कोरी, काळी, मुठीला अजून दुकानाची चिठ्ठी. दाढी केलेली. अंगात कोट, त्या उकाड्यात. मला वाटलं, ह्याचं डोकं आता पुरतं फिरलं. आणि पुढचा विचार, आता कोणतं लग्न मोडायला आलाय हा?

"मोनिकाबाय, पाच मिनिटं," म्हणाला. छत्री दाराआड उभी करून ठेवली. कागद बाकावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर माझ्या मिरच्यांच्या कापडावरचे चार दगड ठेवले. वर माझ्या आजोबांचं नाव.

"हे आता काय नवीन?" मी विचारलं.

"तू मला कधी विचारलं नाहीस, मी कतरीन का विचारतो."

"कोणीच विचारलं नाही. आम्हाला वाटलं, तुला सवय आहे."

"आश्रमातल्या सिस्टर सांगायच्या," तो कागदाकडंच बघत म्हणाला. "माझी आई मारी. मला घेऊन आजारी अवस्थेत त्यांच्या दाराशी आली. पोराला कोणाकडं द्यायचं विचारलं तर म्हणाली, माझी आई कतरीन, वसईची, तिच्या माणसांना विचारा. कुठली आळी, कुठलं देऊळ, हे सांगायच्या आत गेली." त्यानं चष्मा पुसला. "बस. तेवढंच आहे माझ्याकडं. मारी आणि कतरीन."

मी मिरचीचे हात पदराला पुसले.

"आता बघ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा चढला. "तुझ्या आजोबांना दोन बहिणी. दोघींची नावं कतरीन. धाकटी तुमच्या घरातच म्हातारी झाली, लग्न केलं नाही, ती तुझी आजीआत्या, बरोबर? पण थोरली? थोरलीचं लग्न आपल्या देवळातल्या वहीत नाही. तिच्या मृत्यूची नोंद नाही, त्या सालांची पानं वाळवीनं खाल्लीत. मग थोरली गेली कुठं? मुंबईला! लहानपणीच कोणा नातेवाइकांकडं दिली असणार. घरात राहिली नाही म्हणून तर धाकटीला तेच नाव ठेवलं. तिची मुलगी मारी. आणि मारीचा..."

तिथं त्यानं बोट ठेवलं. कागदावर सगळ्यात खाली, पेन्सिलीनं, पुसून पुन्हा लिहिलेलं, पुन्हा पुसून पुन्हा लिहिलेलं, कागद तिथं मऊ पडून फाटायला आलेला: बस्त्याव. भिंतीवरच्या त्या सगळ्या कागदांवर मी गावातला एकूण एक माणूस बघितला होता. हे नाव कधी बघितलं नव्हतं. तो लोकांना सांगायचा, तू ह्याची मावस, हा तुझा चुलत. "आपण" असं म्हटलेलं मला एकदाही आठवेना.

"म्हणजे आपण," तो म्हणाला आणि घुटमळला, "नात्यानं भाऊ-बहीण लागतो. लांबचे. पण लागतो."

माझ्या तोंडात शब्द आला होता. अगदी दातांशी. थोरली कतरीन कुठं गेली ते मला माहीत होतं. ती कुठंच गेली नव्हती. दात यायच्या आधी तापानं गेली आणि देवळामागं दफनभूमीत भिंतीच्या कडेला आहे. माझी कतरीनआत्या, म्हणजे धाकटी, नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी दरवर्षी मला हाताला धरून तिथं न्यायची आणि त्या छोट्या क्रुसापुढं मेणबत्ती लावायची. म्हणायची, "तिचं नाव मी वापरतेय गो. भाडं तरी द्यायला नको?" आत्या गेल्यापासून ती मेणबत्ती मी लावते.

आणि ह्याला हे सुचलं नसेल? ज्याला मी सगळ्या गावासमोर शिकवलं, की बाबा रे, दोन एकसारखी नावं म्हणजे एक पाळण्यातलं पोर? तोच म्हणाला होता ना, ध्यानात ठेवायला पाहिजे म्हणून? मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याचं बोट त्या नावावरून हलत नव्हतं. कॉलरखाली घामाचा ओघळ आलेला, तरी कोटाचं बटण काढलेलं नाही.

मग माझी नजर दाराआड गेली. मे महिन्यातली ती छत्री.

"मोनिकाबाय," तो म्हणाला, "काही चुकलंय काय?"

"चुकलंय तर," मी म्हटलं. "बहिणीच्या घरी येऊन मघापासून ओट्यावर उभा आहेस. बूट काढ आणि आत ये, दादा. चहा टाकते."

संध्याकाळी हे घरी आले, बाकावरचा कागद बघितला, आणि म्हणाले, "अगो, पण थोरली कतरीन तर..."

"तुमचा चहा गार होतोय," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, दाराआडच्या छत्रीकडं बघितलं, आणि चहा प्यायले.

लग्नाच्या दिवशी बस्त्यावनं छत्री अशी ताठ धरली, की तिची सावली रेजीनवर सोडून बँडवाल्यांवर पडत होती. वर रस्ताभर प्रत्येक दारातल्या माणसाला ओरडून सांगत होता, "नवरीचा मामा! आईकडून! माझी आजी आणि हिच्या आईचे आजोबा सख्खी भावंडं!" मी मागून चालत होते. "अरे, पोरीच्या डोक्यावर धर," मी दातओठ खात म्हटलं. तो म्हणाला, "मामाला शिकवू नकोस." गावातल्या जुन्या म्हाताऱ्या दारांत उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी-तिघींना तरी थोरल्या कतरीनचं ठाऊक असणार. एकीनं माझ्याकडं बघून मान हलवली, आणि बस्त्यावला म्हणाली, "शोभतंस हो मामा."

मला वाटलं होतं, आता तरी हा शांत होईल. कसलं काय! पूर्वी तो परका होता तेव्हा सणावाराला छळायचा. आता भाऊ झाला, रोज छळू लागला. सकाळी येणार, आमटी चाखणार आणि म्हणणार, "आपल्याकडं एवढी चिंच घालत नाहीत." आपल्याकडं म्हणे! ह्यांची पँट उसवली तर मला ऐकवणार, "माझ्या बहिणीनं काय काय सोसलं ह्या घरात." माझ्या त्या चुलतभावाकडं परस्पर जाऊन बांधाचं भांडण उकरून काढलं आणि, खरं सांगायचं तर, मिटवूनही आला. ब्लाउज मात्र पूर्वीपेक्षा उशिरा मिळू लागले. घरचंच काम, मागं पडलं तरी चालतं. पण कतरीनचा प्रश्न त्यानं त्यानंतर कोणाला विचारला नाही. पोरांनी मागून "कतरीन टेलर" म्हटलं तर वळून सांगे, "आजी माझी ती, नीट नाव घ्या."

नोव्हेंबर आला. मृतांच्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघाले, तो यायच्या आत माझी मेणबत्ती लावून मोकळं व्हावं म्हणून. पण दफनभूमीच्या फाटकात हा आधीच उभा. हातात मेणबत्त्यांचा पुडा, आणि छत्री. त्या लग्नापासून छत्री त्याच्या हातून सुटत नसे, ऊन असो नसो.

मधल्या मोठ्या क्रुसापाशी आम्ही गेलो. ज्यांच्या कबरी दूर कुठं आहेत, माहीत नाहीत, त्यांच्यासाठी लोक तिथं लावतात. त्यानं रॉक टेलरच्या नि त्याच्या बायकोच्या कबरीवर आधीच लावून ठेवल्या होत्या. इथं आणखी दोन लावल्या. "एक आईची," म्हणाला, "आणि एक कतरीनआजीची. मुंबईत कुठं असेल, देव जाणे." मी मान खाली घालून प्रार्थना म्हटली. मग म्हटलं, "तू हो पुढं, मी आलेच."

तो कसला पुढं होतोय! भिंतीच्या कडेनं माझ्या मागोमाग आला. मी गवत बाजूला केलं, त्या वीतभर क्रुसापुढं वाकून मेणबत्ती लावली. समुद्राकडून वारा सुटला होता. ज्योत लागे आणि विझे, लागे आणि विझे.

"कोणाची गो ही?" त्यानं विचारलं.

जन्मभराचा त्याचा प्रश्न. पण त्या दिवशी मला वैताग आला नाही, भीती वाटली. क्रुसावरचं नाव केव्हाच झिजून गेलं होतं.

"आपल्यातलीच," मी म्हटलं. "लहानपणी गेली."

पुढं विचारील, बापाचं नाव काय, आई कोणाची, म्हणून मी वाट बघत राहिले. त्यानं काही विचारलं नाही.

"मग नीट लाव ना," म्हणाला. "आपलं पोर आहे आणि एवढ्या वाऱ्यात उघडी ठेवतेस?" आणि कुरकुरत गुडघ्यावर बसला, छत्री उघडली, आणि त्या एवढ्याशा क्रुसावर धरून राहिला, ज्योत स्थिर होईपर्यंत.